रोवणारी

गोंदियाच्या लोकवाचनालयात वर गॅलरी आहे असं सांगितलं की बाहेरगावच्या माणसाला काहीतरी भव्य वाटतं. तसं काही नाही. पुस्तकांच्या खोलीवर एक लांबट माडी आहे, रस्त्याच्या अंगाला खिडक्यांची रांग आहे, आणि बांधणाऱ्या कंत्राटदाराने नकाशावर 'गॅलरी' असं लिहिलं म्हणून ते नाव चिकटलं. मी कमिटीवर आले तेव्हा तिथे मोडक्या खुर्च्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि रामलीलेतल्या रावणाची उरलेली डोकी ठेवलेली होती.

मी म्हणजे सुलोचनाबाई, मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण. कमिटीवरची एकटी बाई, त्यात विधवा, त्यात नागपूरची. यातली एखादी गोष्ट त्या लोकांनी चालवून घेतली असती, तिन्ही एकदम त्यांना झेपेनात. माझा स्वभाव तापट आहे हे गोंदियात सगळ्यांना ठाऊक आहे. तो कशाने तापला, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता सांगते.

सन अडतीसची गोष्ट. आपल्या मुलखातल्या कारागिरांचं काम त्या गॅलरीत मांडावं, लोकांनी ते बघावं, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यासाठी मी दोन वर्षं प्रत्येक बैठकीत भांडले. आमचे अध्यक्ष छोटेलाल शेठ, धानाच्या गिरणीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण त्याला स्वतःच्या गिरणीबाहेर काही होतं हेच पटत नसे. "यहाँ कलाकार कहाँ हैं, बाईसाहब? यहाँ धान है और बिडी है," असं म्हणून तो पुढच्या विषयावर जायचा. त्याला नागपूरहून चौकटीतली छापील चित्रं मागवायची होती. त्यात बर्फाचा एक डोंगर हवाच, असा त्याचा आग्रह होता. गोंदियाला बर्फाच्या डोंगराचं काय करायचं होतं कोण जाणे.

शेवटी माझं म्हणणं मान्य झालं ते माझ्या बोलण्यामुळे नव्हे. भंडाऱ्याच्या डेप्युटी कमिशनर साहेबांना अशा गोष्टींची आवड आहे, असं शेठच्या कानावर आलं. मग एका दिवसात गॅलरी रिकामी झाली. रावण खाली गेला. शेठने वडिलांच्या नावाने एक काचेचं कपाट देऊ केलं. दसऱ्याच्या सुटीत प्रदर्शन भरायचं, दसरा झाल्यावर साहेबांनी येऊन त्यातली एक वस्तू निवडायची, आणि ती वस्तू त्या कपाटात कायमची राहायची, असं ठरलं.

मी श्रावणात केशोरीला गेले. अर्जुनीपर्यंत छोट्या रेल्वेगाडीने आणि पुढे बैलबंडीने, कमरेचा काटा ढिला करत. केशोरीला उदाराम नावाचा कुंभार होता. नवरात्रात आमच्याकडे गावोगावी मातीची शारदा बसते, आणि शारदा करावी ती केशोरीच्या उदारामने, असं त्या सगळ्या पट्ट्यात बोललं जाई. मी पाहिली होती त्याची शारदा. चेहरा असा, की बघणारा आधी गप्प होतो आणि मग हात जोडतो.

उदाराम काटकुळा, वाढलेल्या दाढीचा, आणि चांगलाच घमेंडखोर निघाला. मला ते आवडलं. नम्र कारागीर मला सहन होत नाहीत, त्यांना लोक फुकटात राबवतात. प्रदर्शनासाठी शारदा दे म्हटल्यावर तो हसला.

"ठेवता कोठी, बाई? देवी होय ते. दसऱ्याले पान्यात जाते. मी पोरगा होतो तवापासून करून राहिलो, पन दाखवाले एक नाई. माझं सारं काम तलावात हाये. तुमाले पाहाचं असंल तं बुडी मारा."

"मग तुमचं काहीच राहिलं नाही?"

"गाडगे राह्यले. तेही फुटतेत." तो हातातली माती मळत राहिला. मग हसू गेलं त्याचं. "मी मेलो म्हंजे उदाराम कोन होता हे सांगाले काईच नाई, बाई. सुताराचा दरवाजा राह्यते. लोहाराचा फाळ राह्यते. माझंच तेवढं पानी होते."

मी कपाटाचं सांगितलं. काचेचं, कुलपाचं, आणि आत ठेवलेली वस्तू कायमची राहणार.

"कायमची?"

"कायमची."

त्याने मला ते दोनदा बोलायला लावलं. मग म्हणाला, "तं मंग देवी नाई करत. देवी ठेवता येत नाई. बाई करतो."

त्याच वेळी त्याची बायको, शामकला, शेतावरून आली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता आणि धानाची रोवणी लांबली होती. लोकांच्या धानाच्या बांध्यांमध्ये दिवसभर वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवून ती आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं वर खोचलेलं, तोंडावर थकवा आणि त्याहून जास्त वैताग. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. कधीतरी बंडीचं चाक गेलं होतं त्यावरून.

उदाराम तिच्याकडे बघतच राहिला. "हे," तो म्हणाला. "रोवनारी. हिले कोन बुडवंल?"

शामकला भडकली. "कायले? माझे चिखलाचे पाय साऱ्या गोंद्याले दाखवता का जी? काई लाज हाये का नाई?"

पण मी तेव्हा तिचा चेहरा नीट पाहिला आणि मला कळलं. इतकी वर्षं गावोगावी जी शारदा बसत होती, ती ही होती. तो चेहरा मी ओळखला हे उदारामलाही कळलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड उघडलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तो मूर्ती घेऊन आला. मूर्ती म्हणू नये, पण जिभेवर तोच शब्द येतो, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. धानाच्या तणसात बांधून बंडीने, मग गार्डाच्या डब्यातून, अशी कच्च्या मातीची ती बाई आमच्या गॅलरीत आली. ती अर्धी वाकलेली होती. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजवा हात खाली चिखलाकडे गेलेला, आणि मान वर. बांधावरून कुणीतरी हाक मारली म्हणून तिने वर बघितलं असावं. पायांवर गुडघ्यापर्यंत त्याने खरा चिखल लिंपून वाळवला होता. आणि डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. हंस नाही, वीणा नाही, मुकुट नाही. मी खूश झाले. एवढी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

डोळे तेवढे बाकी होते. ते तो नेहमी शेवटी, जागेवर आल्यावर काढी.

तो खाली नळावर जाऊन आंघोळ करून आला. ओल्या धोतराने पूर्वेकडे तोंड करून बसला, कापूर लावला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने जमिनीवर नारळ फोडला.

"अहो, हे काय करताय?"

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. हातात नारळाची अर्धी कवड होती. "काय की, बाई," तो म्हणाला. "डोरे उघडाच्या आंधी हात आपसूक जाते. सवय होय."

मी आणखी बोलणार होते. पण त्याने कुंचला उचलला होता, आणि एकदा ते डोळे उघडले तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. ती माझ्याकडे बघत होती. थकलेली, वैतागलेली, आणि काय आहे म्हणून विचारणारी. मला रडू आलं. मी रडत नाही सहसा.

आमच्या वाचनालयाचा शिपाई बकाराम दारात उभा होता. त्याने ती कवड उचलली. त्याला मी फेकून दे म्हटलं. बकारामला नारळ फेकून द्यायला सांगणारी मीच वेडी. त्याने त्याचे बारीक तुकडे केले आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराने प्रसाद खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवणारीच्या पायाशी झेंडूची फुलं होती, तांदूळ होते, आणि कपाळावर उदारामने काढलेल्या टिकलीवर कुणीतरी बचकभर कुंकू फासलं होतं. जिन्यावर चपलांची रांग. वाचनालयात एरवी माणसं चपला घालून येत, तंबाखू चघळत येत, काही तर नुसती झोपायला येत. आता सगळे अनवाणी आणि तोंडं धुतलेली.

मी फडका भिजवून कुंकू पुसलं. दुपारी पुन्हा होतं. पुन्हा पुसलं. मग एक पाटी लिहिली, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत: 'ही मूर्ती नाही. ही रोवणारी बाई आहे. हळदीकुंकू वाहू नये.' मालधक्क्यावरचे हेडक्लार्क आले, चष्मा लावून त्यांनी ती पाटी मोठ्याने वाचली, चष्मा काढला, बूट काढले, आणि नमस्कार केला. मी विचारलं, "वाचलंत ना?" ते म्हणाले, "वाचलं की. अक्षर छान आहे."

पाटीचा काही उपयोग नव्हता, कारण लोकांना तो चेहरा माहीत होता. अर्जुनीकडची एक म्हातारी बाजाराला आली होती ती वर चढून आली आणि दारातच थबकली. "हे तं आमची शारदा होय वो!" ती म्हणाली. "आमच्या गावात हेच बसते दरसाल." मग तिची नजर पायांकडे गेली. चिखल पाहून तिचा आवाजच बदलला. "यंदा पानी उशिरा आला, गरिबाचं रोवनं राहून गेलं असतं. म्हून माय सोता उतरली बांधीत."

झालं. आता पुराव्याला काही कमी उरलं नाही. ज्या चिखलाने ती साधी बाई ठरायची, त्याच चिखलाने ती जास्तच देवी झाली. गावागावाहून बंड्या येऊ लागल्या. बाकीच्या कारागिरांचं काम भिंतीला लागून उभं होतं. बुरडाने सुंदर करंड्या विणल्या होत्या, त्यात लोक नारळ ठेवू लागले. रेल्वेतल्या एका सिग्नलवाल्याने पेन्सिलीने इंजिनांची चित्रं काढली होती, त्यांच्यावर समईचं तेल उडालं. तो बिचारा एकदा येऊन ते पुसून गेला, पुन्हा आला नाही.

मी पुसत राहिले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी फडका घेऊन पुढे झाले तेव्हा रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "आपलं पुसलं, आता देवीचं पुसून राहिली." माझ्या पाठीमागे म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. मला ते लागलं. मी विधवा होऊन तेव्हा पंधरा वर्षं होऊन गेली होती, तरीही लागलं. मी फडका तिथेच ठेवला, घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाही. त्यानंतर मी पुसायचं सोडलं.

छोटेलाल शेठ मात्र खुशीत होते. रोज संध्याकाळी सपत्नीक आरती. "बाईसाहब, आपकी गॅलरी तो चल पड़ी!" आरतीच्या वेळी खाली वाचणारे वर बघत, मग पुस्तक मिटून निघून जात. वाचनालय नावाला उरलं होतं.

अष्टमीला बैठक झाली. विषय एकच, दसऱ्याला विसर्जनाची मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची.

"विसर्जन कशाचं?" मी विचारलं. "साहेब तिकडून येणार आहेत. तिला कपाटात ठेवायचं आहे. तुमच्याच वडिलांच्या कपाटात."

"देवी को अलमारी में बंद करोगी?" शेठ घाबरून म्हणाले. ते नाटक नव्हतं, त्यांना खरंच भीती वाटली होती. "दसरा निकल गया और देवी पानी में नहीं गई, कल को शहर में कुछ हो गया, तो लोग किसका नाम लेंगे?"

"ती देवी नाही, शेठजी. मी ओरडून सांगतेय."

"आपके कहने से क्या होता है? जिसने बनाया उसको बुलाओ. वो सबके सामने कहे कि औरत है, तो अलमारी में रखेंगे. देवी कहे तो तालाब."

मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, जिंकले. उदाराम काय म्हणणार याविषयी माझ्या मनात काडीची शंका नव्हती. कायमची, हा शब्द त्याने मला दोनदा बोलायला लावला होता.

दसऱ्याच्या सकाळी तो आला. शामकलाही आली. आपण कशा दिसतो ते बघायचं होतं तिला, जरी तोंडाने ती कुरकुरतच होती. रात्री पाऊस पडून गेला होता आणि स्टेशनपासूनचा रस्ता म्हणजे नुसता राडा. जिन्यावर गर्दी. शामकला नवऱ्याच्या मागे वर चढून दाराशी आली तर शेठच्या गिरणीतला एक माणूस, हातात काठी आणि छातीला बिल्ला, तिला म्हणाला, "ए बाई, चिखलाच्या पायांनी कुठं निघाली? देवीजवळ जायचं तर पाय धुवून ये."

शामकला वाकून आत बघत होती. तिला ते मातीचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत चिखलाने लिंपलेले, आणि त्यावर डोकं टेकवणाऱ्या बायका दिसल्या. चढलेली करंगळीही तिला दिसली असणार.

"ते पाय तं माझे होत!" ती म्हणाली.

लोक हसले. काठीवालाही हसला. एकीने तर तिला कीव करून प्रसाद दिला. शामकला पुन्हा बोलणार होती, पण उदारामने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

शेठने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मी रोवणारीच्या शेजारी उभी होते. पाटीही तिथेच होती, खालच्या कोपऱ्यावर हळदीचे ठसे उमटलेली.

"बोलो भाई," शेठ म्हणाले. "तुमने बनाया है. देवी है, कि औरत है?"

उदारामने रोवणारीकडे पाहिलं, मग दारात प्रसाद हातात घेऊन उभ्या असलेल्या शामकलाकडे पाहिलं. तो घमेंडखोर माणूस त्या वेळी इतका लहान दिसत होता.

"देवी होय," तो म्हणाला.

घंटा वाजली, जयजयकार झाला. मी ओरडले, "उदारामजी, खरं सांगा!" पण माझा आवाज त्यात कुणाला ऐकू जाणार? त्याने मात्र ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्याला जिन्याखाली गाठलं. दोन वर्षं मी कुणासाठी भांडले? लोकांचं कुंकू पुसून मी काय काय ऐकून घेतलं? "तुम्हाला कायमची पाहिजे होती ना? मग जीभ का झडली तुमची?"

"बाई म्हनलो असतो," तो हळूच म्हणाला, "तं कोनाची बाई, हे इचारलं नसतं का? साऱ्यायनं तिले आत्ताच पाह्यलं असतं. चेहरा तं एकच हाये. मंग इतले वर्सं गावोगावच्या लोकायले मी माझ्या बायकोच्या पाया पाडलो, असं झालं असतं. मले मूर्ती कोनी सांगितली असती? ते जाऊ द्या. हिले केशोरीत राहू देल्लं असतं का, बाई?"

उत्तर नसलं की माझा राग वाढतो. "मग दुसरी करा. आत्ता करा. साहेब यायला दोन दिवस आहेत, लहानशी करा, कुणाचीही करा."

"दुसरा चेहरा माझ्या हाताले येत नाई," उदाराम म्हणाला. "करून पाह्यला ना. नाक-डोरे कसे बी मांडले तरी हेच येते."

मिरवणूक गेली. ज्याची मूर्ती त्यानेच ती पाण्यात उतरवायची, म्हणून उदारामला पुढे घातलं होतं. मी गेले नाही. रिकाम्या गॅलरीत ढोल लांब जाताना ऐकत बसले. शामकलाही गेली नव्हती. ती आली आणि रोवणारी जिथे उभी होती त्या लाकडी चौथऱ्यावर गुडघे चोळत बसली. मी तिला पाय धुवायला सांगितलं नाही.

"रागावू नोका, बाई," ती म्हणाली. "घरी तं मले कदी चांगल्या तोंडानं हाक मारत नाई. आज साऱ्या लोकायसमोर देवी म्हनला." आणि ती हसली. मला काही हसू आलं नाही.

साहेब आले. त्यांनी करंड्या पाहिल्या, तेलाचे डाग पडलेली इंजिनं पाहिली, रिकामा चौथरा पाहिला. त्यावर पाटी तशीच होती. कुणीतरी ती वाचून इंग्रजीत सांगितल्यावर त्यांनी विचारलं, ही बाई कुठे आहे? शेठ अदबीने म्हणाले, "हुजूर, विसर्जन हो गया." साहेबांनी मान हलवली, चहा घेतला आणि काही न निवडता गेले. कपाट रिकामं बरं दिसत नाही म्हणून शेठच्या वडिलांची तसबीर त्यात गेली.

पुढच्या वर्षी नवरात्र संपून गेल्यावर, मुद्दाम संपून गेल्यावर, केशोरीहून तणसात बांधलेली एक टोपली आली. आत दोन पाय होते. गुडघ्यापर्यंत, चिखलाचे, करंगळी चढलेले. या वेळी लहान काम असल्याने त्याने ते आव्यात भाजले होते, पाण्यात टाकले तरी विरघळणार नाहीत असे. आणणाऱ्याबरोबर निरोप होता: चेहरा नाही, डोळे नाहीत, नारळ फोडलेला नाही. आता बाईंनी ठेवावं.

मी एकटीच होते तरी मोठ्याने हसले. बरोबर सुचलं होतं त्याला! चेहऱ्यानेच सगळा घोटाळा केला होता ना, मग चेहराच नको. मी कुणाला न विचारता तसबीर भिंतीवर लावली, पाय कपाटात ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून घरी गेले. त्या संध्याकाळी मी गोडाचा शिरा करून खाल्ला.

सकाळी आले तर कपाटासमोर रांगोळी होती. काचेवर, बरोबर अंगठ्यांच्या उंचीवर, कुंकवाची बोटं ओढलेली होती. बकाराम हात जोडून उभा होता.

"बाई," तो आनंदाने म्हणाला, "यंदा पादुका आल्या."

आपल्या लोकांचं डोकं आधी पायांवरच जातं, हे मला आणि उदारामला, दोघांनाही सुचू नये? कमिटीने दुसरी किल्ली करून घेतली. कपाट उघडं झालं. एक गोष्ट मात्र खरी, पादुका कुणी पाण्यात नेत नाही. त्या राहिल्या. कायमच्या राहिल्या. वर्षांमागून वर्षं कुंकवावर कुंकू बसत गेलं, आणि चिखल दिसेनासा झाला. कुणाचे पाय, कुणी केले, कुणी विचारत नाही. मी उदारामचं नाव लिहून लावलेली चिठ्ठी तिसऱ्यांदा नाहीशी झाली तेव्हा मी चिठ्ठ्या लिहायचं सोडलं.

उदाराम गेल्या पावसाळ्यात वारला. दिवाळीनंतर शामकला बाजाराला आली तेव्हा वर आली. कपाळ मोकळं होतं. गॅलरीत तेव्हा बकाराम आणि मी, दोघेच होतो. ती कपाटासमोर खाली बसली आणि त्या लाल गोळ्यांकडे बघत राहिली.

"फडका हाये का, बाई?" तिने विचारलं.

मी भिजवून दिला. तिने आत हात घालून डावा पाय पुसायला घेतला. बकाराम ओरडला, "ओ बाई! पादुकाचं कुंकू पुसून राहिली! तेही..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, पण त्याचं पुढचं काय होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"माझे होत ते पाय," शामकला मान न वळवता म्हणाली. "मी पुसन, नाई तं कोन पुसंल?"

कुंकू जाड होतं, नखाने खरवडावं लागलं. आधी करंगळी निघाली, शेजारच्या बोटावर चढलेली. मग घोटा. आणि मग, त्याने स्वतःच्या बोटांनी लिंपला होता तसाच, चिखल. त्याच्या बोटांचे फराटे दिसत होते त्यात. शामकलाने तिथे हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पुन्हा कुंकू होतं, हे सांगायला नकोच. बकाराम माझ्याकडे बघत उभा होता. मी नळावर गेले आणि फडका भिजवून आणला.